हायवेवरून दिसणारं विद्यापीठ

बारावीचा निकाल लागून पंधरवडा उलटतो न उलटतो, तोच जळगावहून रात्री पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांतली गर्दी बदलते. एका सीटवर बाप, शेजारी मुलगा किंवा मुलगी, आणि दोघांच्या मधे कागदांची पिशवी: लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, आधारच्या अर्धा डझन झेरॉक्स. पहाटे पुण्यात उतरायचं, दिवसभरात दोन-तीन कॉलेजं पाहायची, रात्रीच्या गाडीने परत. पाहायची म्हणजे इमारत पाहायची, फी विचारायची आणि गावातल्या कुणाच्या तरी पोराच्या रूमवर चहा घ्यायचा. अशाच एका गृहस्थांना विचारलं, घराच्या इतक्या जवळ आपलं विद्यापीठ आहे, ते पाहिलंत का? म्हणाले, "पाहिलंय ना. हायवेवरून दिसतं."

संपादकांनी 'घराजवळचं शिक्षण' हा विषय दिला म्हणून प्रवेशाच्या दिवसांत मी हे प्रश्न विचारत हिंडत होतो. जळगाव, धुळे, अमळनेर, पारोळा. प्रवेशाच्या खिडक्या, झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिका, एसटी स्टँड. पारोळ्याला भेटलेले एक कपाशीवाले शेतकरी अहिराणीत म्हणाले, "भाऊ, पोरगीले कथा टाकानं तेच समजी नही राह्यनं." मुलीचा पीसीबी ग्रुप. नीटमध्ये नंबर लागणार नाही, हे घरात सगळ्यांना कळलेलं, पण उच्चारायचं कुणी हा प्रश्न. समोर चार रस्ते होते: पारोळ्यातच बीएस्सी, जळगावला बीएस्सी, धुळ्याला नर्सिंग, आणि पुण्याला 'काहीतरी'. यातल्या पहिल्या दोन रस्त्यांची पदवी एकाच विद्यापीठाची असते, तिसऱ्याची वेगळ्याच विद्यापीठाची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. चौथ्याबद्दल न बोललेलं बरं.

फाटकातून आत न गेलेले विद्यार्थी

धुळ्याहून जळगावकडे येताना पारोळा, एरंडोल, पाळधी मागे पडलं की गिरणेचा पूल येण्याआधी बांभोरीच्या परिसरात विद्यापीठ लागतं. सुमारे साडेसहाशे एकरांचं आवार, चढउतारांची जमीन, एका अंगाला गिरणा. लोकांच्या तोंडी अजून 'उमवि'च आहे. कागदावर मात्र २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगावला लागून असलेल्या असोद्याच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव आता हजारो पदव्यांवर छापलं जातं याचं इथल्या लोकांना कौतुक आहे, आणि ते रास्त आहे.

विद्यापीठ सुरू झालं १५ ऑगस्ट १९९० रोजी. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या काळात पदवी घेतलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं, की मार्कशीटवर नावातली वेलांटी चुकली तरी पुण्याचं तिकीट काढावं लागे, नाहीतर चूक तशीच वागवत आयुष्य काढावं लागे. त्यांच्या वर्गमित्राने दुसरा पर्याय पत्करला होता. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे हे गणिताचे प्राध्यापक. पुणे विद्यापीठातूनच आलेले. विद्यापीठाच्या वाट्याला जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे आले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि दोनाचे तीन झाले. २०११च्या जनगणनेनुसार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या ७९ लाखांच्या आसपास. एवढ्या माणसांना हे एकच सरकारी सर्वसाधारण विद्यापीठ.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. आपली राज्य विद्यापीठं मुख्यतः संलग्न कॉलेजांची विद्यापीठं आहेत. पदवीचा बहुतेक विद्यार्थी बांभोरीच्या फाटकातून कधी आत जातच नाही. तो साक्रीत शिकतो, चोपड्यात शिकतो, फैजपूरला शिकतो, शहाद्याला शिकतो. विद्यापीठ त्याला अभ्यासक्रम देतं, परीक्षा घेतं, मार्कशीट आणि पदवी देतं. शिकवायचं काम कॉलेजचं. त्यामुळे "उमवि कसं आहे?" या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. एकाच पदवीच्या एकाच वर्षाला असलेल्या दोन मुली, एक जळगावातल्या जुन्या अनुदानित कॉलेजात आणि दुसरी तालुक्याच्या गावातल्या विनाअनुदानित तुकडीत, तीन वर्षांत दोन वेगळी शिक्षणं घेऊन बाहेर पडतात. पदवीवरचं विद्यापीठाचं नाव मात्र एकच. विद्यापीठाच्या नावाभोवती जी चर्चा चालते, मग ती कौतुकाची असो की नाकं मुरडण्याची, ती हा फरक गिळून टाकते.

कोणता कोर्स कोणाच्या दारात

आता त्या पारोळ्याच्या मुलीकडे येऊ. नर्सिंग, एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी हे सगळं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. धुळ्याचं शासकीय मेडिकल कॉलेज असो की २०१८ ला सुरू झालेलं जळगावचं, पदवी नाशिकची. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाचा. इंजिनिअरिंगची तर आणखी गंमत. खानदेशातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांनी गेल्या काही वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडून घेतलं. म्हणजे बांभोरीला विद्यापीठाच्या शेजारी राहून बी.टेक. करणाऱ्या मुलाची परीक्षा लोणेऱ्याची असू शकते. फार्मसीला कॉलेजागणिक विचारावं लागतं. शिरपूरला तर एका खासगी अभिमत विद्यापीठाचा कॅम्पसही आहे, त्याचा या सगळ्याशी काहीच संबंध नाही.

बहिणाबाई विद्यापीठाकडे उरतं ते बीए, बीकॉम, बीएस्सी, त्यांचं पदव्युत्तर शिक्षण, बीएड, लॉ, मॅनेजमेंट, कॉम्प्युटर, समाजकार्य आणि पीएचडी. 'उरतं' म्हटलं, पण विद्यार्थिसंख्येचा मोठा भाग यातच आहे.

बीबीए आणि बीसीए २०२४ पासून एआयसीटीईच्या कक्षेत गेले आणि त्यांना सीईटी आली. राज्यात काही कॉलेजांनी लगेच कोर्सचं नाव थोडं बदलून तोच माल सीईटीशिवाय विकायला ठेवला. तेव्हा "सीईटीची गरज नाही" हे वाक्य खिडकीवर ऐकू आलं, की पदवीवर नेमकं कोणतं नाव छापून येणार हे लेखी विचारावं. नोकरीच्या जाहिरातीत 'बीसीए' लिहिलेलं असतं, आणि कागद तपासणारा कारकून अर्थ लावत बसत नाही.

टेकडीवरचे विभाग

विद्यापीठाच्या आवारात गेलो तो दिवस पावसाळी होता. लेवा पाटलांची, गुजरांची, पावरांची, भिलांची पोरं एकाच टपरीपाशी वडापाव खात उभी. झाडं बऱ्यापैकी माजलेली. वर्गांपेक्षा प्रयोगशाळांत गजबज जास्त, कारण आवारातलं शिक्षण प्रामुख्याने पदव्युत्तर आणि संशोधनाचं. रसायन, जीवशास्त्र, भौतिकी, गणित, कॉम्प्युटर, पर्यावरण, मॅनेजमेंट, भाषा असे विभाग इथे 'स्कूल' म्हणून ओळखले जातात.

माझं स्पष्ट मत असं, की खानदेशातले पालक विद्यापीठाबद्दल जे बोलतात त्यात या विभागांना त्यांच्या योग्यतेपेक्षा कमी लेखलं जातं. रसायनाचंच घ्या. इथे नेहमीच्या ऑरगॅनिकखेरीज पॉलिमर केमिस्ट्री आणि पेस्टिसाईड्स-ॲग्रोकेमिकल्स असे एमएस्सीचे विषय उभे राहिले. एका बाजूला जळगावची एमआयडीसी, जिथे पीव्हीसी पाइप आणि प्लॅस्टिकच्या चटया बनतात, जैन इरिगेशनचं ठिबकचं साम्राज्य आहे. दुसऱ्या बाजूला कपाशी, जिच्यावर फवारणी हा इथल्या शेतकऱ्याचा मोठा खर्च आणि मोठी चिंता. विषय मातीतून उगवावा तो असा. हाच एमएस्सी करायला पुण्यात गेलेला मुलगा नंतर नोकरी शोधत वापी-अंकलेश्वरला जातो, जिथे जळगावहून सुरतेची गाडी सरळ नेते.

याच आवारात विद्यापीठाची स्वतःची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे, यूआयसीटी. केमिकल इंजिनिअरिंगबरोबर खाद्य, तेल, रंग, प्लॅस्टिक यांच्या तंत्रज्ञानाचं बी.टेक. तिथे चालतं आणि प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. केळी, कापूस आणि सरकीच्या तेलाच्या या प्रदेशात 'फूड टेक्नॉलॉजी' नाव घेतलं की पालक आधी विचारतात, "म्हणजे हॉटेल लाइन का?" मी एका आईला समजावून सांगत होतो, की केळीच्या चिप्सचा कारखाना ते बिस्किटाची प्रयोगशाळा असं सगळं यात येतं. त्या म्हणाल्या, "पण कॉम्प्युटर नाही ना त्यात." जळगावात कॉम्प्युटर या शब्दापुढे कोणाचंच चालत नाही.

आवारात हॉस्टेलं आहेत, 'कमवा व शिका' योजना आहे. गावाबाहेर आठ किलोमीटरवर असण्याचा तोटाही आहे: संध्याकाळनंतर शहरात क्लास लावायचा, पार्टटाइम नोकरी करायची तर येण्याजाण्याची कटकट. ज्याला प्रयोगशाळेत बसायचं त्याला हे वरदान. ज्याला अर्धा वेळ अभ्यासिकेत एमपीएससी करायची त्याला अडचण. दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

सगळं जळगावलाच नाही

विद्यापीठ म्हणजे जळगाव हे समीकरण धुळेकरांना आवडत नाही. पश्चिम खानदेशाचं मुख्य ठिकाण धुळं, पूर्व खानदेशाचं जळगाव. ही वाटणी १९०६ ची आणि तिची खुमखुमी अजून गेलेली नाही. पण तुम्ही इतिहास किंवा मराठी घेऊन एमए करणार असाल, तर मी धुळ्याच्या बाजूने बोलेन. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी शेवटची वर्षं धुळ्यात काढली, १९२६ ला तिथेच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं वाग्देवता मंदिरात आहेत. बाहेरचे संशोधक जे कागद पाहायला धुळ्याची गाडी पकडतात ते धुळ्यातल्या विद्यार्थ्याला सायकलवर जाऊन पाहता येतात. मोडी वाचायला शिकलेला एक एमएचा मुलगा तिथे भेटला. वर्गात मोडी शिकणारे किती, विचारलं. हसला नुसता.

अमळनेरला १९१६ पासून प्रताप शेठजींनी उभारलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. साने गुरुजी तिथे शिकायला आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाले. तिथलं प्रताप कॉलेज १९४५ चं, विद्यापीठापेक्षा पंचेचाळीस वर्षांनी मोठं. जळगावचं मू. जे. कॉलेजही त्याच काळातलं, आणि आता ते स्वायत्त आहे. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची स्वतःची, पदवी मात्र विद्यापीठाची. अशा जुन्या कॉलेजांचा खरा ठेवा म्हणजे त्यांची ग्रंथालयं, आणि तिथे शिकून तिथेच शिकवायला परतलेले प्राध्यापक.

कॉलेज पाहायचं म्हणजे काय पाहायचं

या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा. कारण पदवीसाठी तुम्ही विद्यापीठ निवडत नाही, कॉलेज निवडता, आणि कॉलेजही नाही, खरंतर त्यातला विभाग निवडता.

पहिला प्रश्न शिक्षकांचा. "परमनंट किती आणि सीएचबी किती?" सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचे. राज्यभर प्राध्यापकभरती वर्षानुवर्षं रखडत, थांबत चालली आहे. एक सर निवृत्त झाले की त्यांची जागा तासावर भरली जाते. यात सीएचबीवाल्याला कमी लेखण्याचं कारण नाही. त्यातले कित्येक सेट-नेट झालेले, पीएचडी झालेले आहेत, आणि जीव ओतून शिकवतात. एकीला मी विचारलं, किती कॉलेजांत जाता? म्हणाली, "सकाळी एक, दुपारी एक. मधे एसटीत डबा." अडचण अशी, की त्यांची नेमणूक बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर होते, आणि पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री त्यांना स्वतःला नसते. ज्या विभागात एकही कायम माणूस नाही, तिथे प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाकडे, मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची शिफारस कोण लिहिणार, प्रोजेक्ट अर्धवट राहिला तर कोण पुरा करून घेणार, हे प्रश्न तसेच राहतात. दोन कायम आणि तीन सीएचबी अशी रचना असेल तर मी बिनधास्त प्रवेश घ्यायला सांगेन.

दुसरं, प्रयोगशाळा. बीएस्सीला प्रवेश घेणारा माणूस प्रयोगशाळेत न डोकावता परत येतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. बैल घेताना माणूस दात बघतो. आत जाऊन बघायचं, की गॅसची नळी चालू आहे का, डिस्टिल्ड वॉटर बनतं का, सूक्ष्मदर्शकांवर धूळ किती. आणि शिपाई किंवा लॅब अटेंडंट यांच्याशी बोलायचं. प्राचार्य जे सांगणार नाहीत ते हा माणूस सांगतो: अमुक बॅचला प्रॅक्टिकल आठवड्यातून किती वेळा होतं ते. हजेरीची स्थिती तर डोळ्यांनीच कळते. तालुक्याच्या ठिकाणी कित्येक कॉलेजांत प्रवेश तीनशेचे आणि वर्गात तीस मुलं, हे दृश्य नवं राहिलेलं नाही. बाकीची पोरं कुठे असतात? काही अभ्यासिकेत पोलीस भरतीची गणितं सोडवत असतात, काही पहाटे धावून आल्यावर झोपलेली असतात, काही शेतात, काही सुरतेत कामाला आणि परीक्षेपुरती येतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. बीए हा त्यांच्या दृष्टीने स्पर्धा परीक्षेच्या अर्जातला एक रकाना आहे, आणि तो भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग त्यांनी निवडला आहे. पण ज्या मुलीला खरोखर इंग्रजी किंवा अर्थशास्त्र शिकायचं आहे, तिने तीसही मुलं न येणाऱ्या वर्गात जाऊ नये. शिक्षकाचा उत्साह वर्गातल्या डोक्यांवर जगतो.

तिसरं, नवं शैक्षणिक धोरण. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग अशी विषयांची लांबलचक पंगत. सत्राला वीस-बावीस क्रेडिट. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. वर्षभराने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. कागदावर हे छान आहे: रसायनाच्या विद्यार्थ्याने संगीत घ्यावं, इतिहासवाल्याने कॉम्प्युटर. प्रत्यक्षात लहान कॉलेजात विद्यार्थ्याची निवड शिक्षकांच्या उपलब्धतेवर ठरते. ज्या विषयाचे सर आहेत तो विषय 'ओपन'. म्हणून माहितीपत्रकातली यादी वाचून हुरळू नये. गेल्या वर्षी प्रत्यक्षात कोणते ओपन इलेक्टिव्ह चालले, ऑन जॉब ट्रेनिंगला पोरं कुठे गेली, आणि चौथं वर्ष याच कॉलेजात होणार की दुसरीकडे जावं लागणार, हे तीन प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावेत. पहिल्या वर्षाच्यांना अजून काही माहीत नसतं आणि तिसऱ्या वर्षाचे सगळ्यावर वैतागलेले असतात.

हॉल तिकिटापासून मार्कशीटपर्यंत

विद्यापीठाचा आणि पदवीच्या विद्यार्थ्याचा खरा संबंध येतो तो परीक्षेपुरता. पीआरएन नंबर, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, एटीकेटी, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, पुनर्मूल्यांकन. राज्यातल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांबद्दल विद्यार्थ्यांची तक्रार सारखीच असते: निकाल लांबतो आणि पुढच्या प्रवेशाची तारीख थांबत नाही. शेकडो कॉलेजांच्या उत्तरपत्रिका, तपासणारे शिक्षक कमी, त्यातच नवी सत्रपद्धत. कारणं उघड आहेत, पण ती ऐकून ज्या मुलीचा पुढचा प्रवेश हुकतो तिचं समाधान होत नाही.

एक गोष्ट मात्र इथल्या विद्यार्थ्याच्या बाजूची आहे आणि ती जुन्या पिढीलाच जास्त कळते. काही अडलं तर जळगावला जाऊन सकाळी खिडकीवर उभं राहता येतं आणि संध्याकाळी घरी येता येतं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने सांगितलं, की त्याच्या मार्कशीटमधले गुण मागे-पुढे झाले होते. कॉलेजच्या पत्रासह दोन खेपा घातल्यावर काम झालं. मग म्हणाला, "पुण्याचा आमचा मित्र मेल करून वाट बघतोय अजून." अंतर्गत गुणांची बाब तर कॉलेजातच मिटते, आणि म्हणूनच तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. सबमिशन दिल्याची पोच घ्या, फोटो काढून ठेवा. शिक्षक बदलला तर वही हरवते.

अंतराचा हिशेब

नकाशावर तीन जिल्हे जवळ दिसतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव असे मणी ओवले आहेत. धुळं मात्र या मार्गावर नाही. तिथून रेल्वेमार्ग फक्त चाळीसगावला जातो. म्हणून नंदुरबारची मुलगी जळगावला रेल्वेने जाते आणि धुळ्याची एसटीने. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली मुलगी आधी नंदुरबारला पोचते तेव्हाच तिचा अर्धा दिवस गेलेला असतो. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी जवळपास सात माणसं अनुसूचित जमातीची. या मुलांसाठी 'घराजवळचं विद्यापीठ' हे शब्द फारसे खरे नाहीत. त्यांच्यासाठी आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह मिळतं की नाही, यावर कॉलेज ठरतं. वसतिगृहात नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच स्वाधार योजना. पण हप्ता येईपर्यंत खोलीमालक आणि मेसवाली थांबत नाहीत, हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. सातपुड्यातून आलेल्या एका मुलाने सांगितलं, पहिल्या सत्रात त्याने मेस एकाच वेळची लावली होती.

मुलींचं गणित गेल्या काही वर्षांत बदललं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थ्यांच्या पासची सवलत होतीच. एरंडोल, पारोळा, धरणगाव या पट्ट्यातल्या मुली रोज जळगावला ये-जा करून शिकतात, सकाळच्या गाडीत जागा मिळत नाही इतक्या. गाडी चुकली तर पहिला तास बुडतो, आणि घरचे म्हणतात, बसच्या वेळेत बसेल तेच कॉलेज बघ. तेव्हा कॉलेजच्या वेळापत्रकाइतकंच एसटीचं वेळापत्रक महत्त्वाचं.

फीबाबत एक खबरदारी. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश कॅप फेरीतून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ते लागू नाही. जुलैत घाई करून, "सीट जाईल" या धाकाने कोट्यातून प्रवेश घेतलेल्या पालकांना हे नंतर कळतं. महाडीबीटीवर अर्ज करताना खातं आधारशी जोडलेलं नसलं तर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही अडकते, हे दरवर्षीचं दुखणं. हे काम मे महिन्यातच बँकेत जाऊन करून टाकावं.

मग पुण्याला जायचं का?

जायचं, ज्याचं कारण पक्कं आहे त्याने. ठरावीक कॉलेजात ठरावीक विषयाला नंबर लागला असेल, घरचं बजेट तीन वर्षं पुरणारं असेल, तर जरूर. पण पुण्याच्या नावाखाली उपनगरातल्या एखाद्या नव्या कॉलेजात तासावरचेच शिक्षक, भाड्याच्या खोलीत चार जण आणि मेसचं पातळ वरण यासाठी कपाशीचं एक पीक विकायचं, हे मला पटत नाही. तिथेही बीएस्सीच आणि तीच रचना, फक्त विद्यापीठाचं नाव वेगळं. 'पुण्याचं वातावरण' म्हणून जे सांगितलं जातं त्यातला बराचसा भाग बाहेर राहण्याने येतो, आणि तो जळगावच्या किंवा धुळ्याच्या हॉस्टेलवर राहूनही मिळतो.

माझा कौल असा. पदवीसाठी, घरापासून ये-जा करता येईल अशा अंतरात जुनं, अनुदानित, कायम शिक्षक असलेलं कॉलेज असेल तर तेच घ्यावं; नसेल तर जळगाव, धुळे किंवा अमळनेरला हॉस्टेलवर राहावं. एमएस्सी, रासायनिक तंत्रज्ञान किंवा संशोधन करायचं असेल तर बांभोरीच्या आवाराचा विचार पुण्याच्या आधी करावा. आणि नर्सिंग, इंजिनिअरिंग, शेती यांच्यासाठी हा सगळा लेख बाजूला ठेवून त्या त्या विद्यापीठाची चौकशी करावी.

पारोळ्याच्या त्या मुलीने धुळ्याला नर्सिंगला प्रवेश घेतला. वडील नाराज नाहीत.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा बारावीच्या परीक्षेला तीन-चार महिने उरलेले असतील आणि दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं पुन्हा भरू लागतील. कॉलेज पाहायला जायची वेळ हीच. जूनमध्ये सगळीकडे रांगोळी काढलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरमधला एखादा साधा मंगळवार निवडा, सकाळी अकरा वाजता जा, चालू वर्गाच्या दारातून आत बघा, प्रयोगशाळेत शिरा, ग्रंथालयात बसलेल्या मुलांशी बोला. मुलगा किंवा मुलगी अभ्यासात असेल तर काका, मामा, थोरला भाऊ कुणीही जाऊ शकतो. फाटकावर अडवलं तर सांगा, पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे. जे कॉलेज एवढं ऐकूनही आत सोडत नाही त्याचं नाव यादीतून खोडा.